एमटीटी पावडर: किटपेक्षा सुटी बाटली बरी, पण वनस्पतींचे अर्क तपासताना सांभाळून

कर्करोगाच्या पेशींवर एखादं संयुग किंवा झाडपाल्याचा अर्क परिणाम करतो का, हे पाहायचं ठरलं की जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बहुधा सर्वांत आधी एमटीटीची बाटली मागवली जाते. पिवळी पावडर, जिवंत पेशींनी तिचं क्षपण केलं की जांभळे स्फटिक. निकाल आधीच सांगायचा तर पैशाच्या मानाने इतकं काम देणारं रिएजंट क्वचितच मिळतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टपासून पीएच.डी.पर्यंत ते सेल कल्चरच्या प्रत्येक लॅबमध्ये असायला हवं. मात्र पेशी मेल्या की नाही, हे एमटीटी सांगत नाही. याकडे दुर्लक्ष करून काढलेल्या आयसी-५० वर (परिणाम ५० टक्क्यांवर आणणाऱ्या संहतीवर) अख्खा प्रबंध उभा राहतो आणि परीक्षकाच्या एका प्रश्नावर कोसळतो. तो प्रश्न टाळायला प्लेटवरच्या तीन-चार जादा वेल (पेशी वाढवायचे छोटे खळगे) पुरतात, म्हणून हे नुकसान जास्तच लागतं.

काय मोजलं जातं

टिम मॉसमन यांनी ही चाचणी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी पेशींची वाढ मोजायला किरणोत्सारी थायमिडीन वापरत. त्याच्या जागी ९६ वेलच्या प्लेटमध्ये, साध्या रंगाच्या मापनावर उरकणारी पद्धत मिळाली आणि ती जगभर पसरली. एमटीटीच्या रेणूवर धन भार असतो, त्यामुळे तो पेशीत सहज शिरतो. आत त्याचं टेट्राझोलियमचं कडं फुटतं आणि पाण्यात न विरघळणारं जांभळं फॉर्मॅझन तयार होतं.

आजही अनेक प्रबंधांत लिहिलेलं असतं की हे काम मायटोकॉन्ड्रियातलं सक्सिनेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम करतं. हे अर्धवट आहे. बेरिज आणि टॅन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की पेशीतलं बहुतेक क्षपण मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर होतं आणि ते प्रामुख्याने एनएडीएच व एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूंवर चालतं. म्हणजे ओडीचा (रंगाने किती प्रकाश शोषला त्याचा) आकडा ही पेशींची क्षपणक्षमता झाली. पेशींची संख्या आणि प्रत्येक पेशीचा चयापचय यांचा तो गुणाकार आहे. औषधाने चयापचय बदलला, की पेशी तेवढ्याच असूनही आकडा हलतो. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

सुटी पावडर की किट

किटमध्ये तीच पावडर किंवा तिचं तयार द्रावण, जोडीला स्फटिक विरघळवणारं द्रावण आणि छापील कृती असते. त्यातलं काहीही लॅबमध्ये करायला अवघड नाही. सुटी पावडर मुंबईच्या हायमीडिया आणि एसआरएल या दोन्ही कंपन्या विकतात. मागवताना सीएएस क्रमांक २९८-९३-१ आणि रेणुभार ४१४.३ तपासा, कारण एमटीएस, एक्सटीटी अशी सारखी दिसणारी नावं यादीत शेजारी-शेजारी असतात आणि दुकानदाराकडून गल्लत होते.

हिशोब असा. ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर हे नेहमीचं द्रावण. १ ग्रॅम पावडरीतून २०० मिलिलिटर होतं. प्रत्येक वेलला २० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे १०,००० वेल. प्लेटच्या आतल्या ६० वेलच वापरल्या तरी १६० हून अधिक प्लेट्स निघतात. कुठल्याही किटला हा भाव परवडणार नाही. तरीही वर्षाला पाच-सहा प्लेट्स लावणाऱ्या कॉलेजने १ ग्रॅमची बाटली घेऊ नये. झाकण पुन्हा पुन्हा उघडलं की ओलावा आणि उजेड पावडरीला लागतो, ती हिरवट पडते आणि कोऱ्या वेलचा ओडी चढायला लागतो. अशांनी १०० मिलिग्रॅमची कुपी घ्यावी.

द्रावण

५० मिलिग्रॅम पावडर १० मिलिलिटर पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर सलाइनमध्ये), पीएच ७.४. व्हॉर्टेक्सवर फिरवून पाच-दहा मिनिटं ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवलं की बहुतेक विरघळते. तळाशी काळपट कण उरले तर ते आधीच क्षपण झालेलं फॉर्मॅझन असतं. द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळलं की कण जातात आणि निर्जंतुकीकरणही होतं. ऑटोक्लेव्ह करू नका. ट्यूबला फॉइल गुंडाळून ४ अंशांवर दोन आठवडे ठेवता येतं. जास्त दिवस ठेवायचं तर १-१ मिलिलिटरच्या कुप्या करून उणे २० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळवलेली कुपी परत गोठवू नका. लख्ख पिवळा रंग जाऊन हिरवट छटा आली की द्रावण टाकून द्यायचं, त्यात काटकसर नको.

पावडर त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देते, आणि तिच्यामुळे जनुकीय बदल होण्याचा धोका सुरक्षापत्रात नमूद असतो. वजन करताना हातमोजे आणि मास्क घाला. पुढे डीएमएसओ हे द्रावक वापरताना तर हातमोजे हवेतच, कारण डीएमएसओ त्वचेतून आत जातं आणि त्यात विरघळलेलं सगळं बरोबर नेतं.

प्लेट लावताना

रिएजंटच्या नावाने खडे फोडले जातात, पण बहुतेक वेळा चूक इथे असते. प्लेटच्या कडेच्या ३६ वेलमधलं पाणी आधी उडतं, तिथली संहती वाढते आणि आकडे बिघडतात. त्या वेलमध्ये २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस भरून त्या सोडून द्या. उरलेल्या ६० वेलसाठी १०० मायक्रोलिटरप्रमाणे पेशी मिसळलेलं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) ६ मिलिलिटर लागतं. ७ मिलिलिटर करा. दर वेलला ५,००० पेशी हव्या असतील तर मिलिलिटरला ५०,०००, म्हणजे एकूण साडेतीन लाख पेशी. पिपेट करताना ट्यूब अधूनमधून हलवत राहा. नाहीतर पेशी खाली बसतात, पहिल्या रांगेत एक संख्या पडते आणि शेवटच्या रांगेत दुसरीच. पेशी घातल्यावर प्लेट गोल फिरवू नका, फिरवली की त्या वेलच्या मध्यावर गोळा होतात. प्लेट २०-३० मिनिटं हूडमध्येच सपाट ठेवा आणि मगच इन्क्युबेटरमध्ये न्या. एवढ्याशा थांबण्याने पेशी सारख्या पसरतात आणि कडेचा दोषही घटतो.

किती पेशी घ्यायच्या, याचं उत्तर दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नये. हेला या सेल लाइनच्या (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणाच्या) पेशी साधारण २४ तासांत दुप्पट होतात. ५,००० पेशी लावून एक दिवस चिकटू दिल्या आणि तीन दिवस औषध ठेवलं, तर हिशोबाने सोळापट, म्हणजे ८०,००० होतील. ९६ वेलच्या प्लेटमधल्या एका वेलचा तळ ०.३२ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि त्यावर साधारण ३०-४० हजार पेशींतच गर्दी होते. मग कंट्रोलच्या पेशींची वाढ थांबते, ग्लुकोज संपत येतं, दर पेशीचं क्षपणही घटतं. औषध घातलेल्या पेशींना मात्र अजून जागा असते. परिणाम असा, की चांगलं औषधही दुबळं दिसतं. ७२ तासांच्या प्रयोगाला हेलाच्या २,००० पेशी पुष्कळ. एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची लाइन सावकाश वाढते, तिला जास्त लागतात. म्हणून आधी एक प्लेट फक्त संख्येसाठी खर्च करा: १,००० पासून दुप्पट करत ३२,००० पर्यंत पेशी लावा, एमटीटी करा, आलेख काढा. औषध न घातलेल्या पेशी प्रयोगाच्या शेवटीही आलेखाच्या सरळ भागात राहतील, अशी संख्या निवडा. शेवटचा ओडी ०.८ ते १.२ दरम्यान आला तर काम बरं चाललंय.

दुसऱ्या दिवशी औषध दुप्पट संहतीचं करून १०० मायक्रोलिटर घालायचं. डीएमएसओमधलं मूळ द्रावण हव्या त्या संहतीच्या १००० पट करून ठेवलं तर वेलमध्ये डीएमएसओ ०.१ टक्का राहतं. ०.५ टक्क्यांच्या वर कधीच जाऊ नका. आणि प्रत्येक संहतीला डीएमएसओचं प्रमाण सारखंच ठेवा, नाहीतर एकच व्हेइकल कंट्रोल (औषधाशिवाय नुसतं डीएमएसओ घातलेल्या वेल) सगळ्यांना लागू पडणार नाही.

पॉझिटिव्ह कंट्रोल (परिणाम नक्की दिसावा असा नमुना) म्हणून सिसप्लॅटिन हे कर्करोगाचं औषध वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: ते डीएमएसओत विरघळवू नका. डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटतं आणि औषधाची ताकद जाते. ०.९ टक्का सलाइनमध्ये विरघळवा. सिसप्लॅटिन चालत नाही, म्हणजे सेल लाइन रेझिस्टंट झाली असणार, असा निष्कर्ष काढण्याआधी मूळ द्रावण कशात केलंय ते पाहा.

एमटीटी घालणं आणि विरघळवणं

प्रचलित कृतीत २०० मायक्रोलिटर मीडियममध्ये २० मायक्रोलिटर एमटीटी थेट घालतात. वेलमधली संहती मिलिलिटरला साधारण ०.४५ मिलिग्रॅम होते. त्यापेक्षा एक पाऊल जास्त टाकणं चांगलं: औषधाचं मीडियम हळू काढा, कोमट पीबीएसने एकदा-दोनदा धुवा आणि सिरम व फिनॉल रेड (पीएच दाखवणारा रंग) नसलेल्या मीडियममध्ये ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर केलेलं एमटीटी १०० मायक्रोलिटर घाला. सिरममुळे विरघळवताना येणारा गढूळपणा टळतो, फिनॉल रेडची छटा जाते आणि अर्क एमटीटीशी थेट भिडत नाही. तोटा एकच: अर्धवट सुटलेल्या पेशी धुण्यात वाहून जाऊ शकतात. म्हणून पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून द्रव सोडायचा.

३७ अंशांवर दोन ते चार तास. तीन तास पुरतात. तासाभराने मायक्रोस्कोपखाली एक नजर टाका, पेशींत गडद कण आणि मग सुया दिसू लागतात. रात्रभर ठेवू नका. एमटीटी स्वतःच पेशींना मारतं आणि सुयांसारखे स्फटिक आवरण भेदून बाहेर येतात, त्यामुळे जास्त वेळ दिल्याने माहिती वाढत नाही. एकमेकांशी तुलना करायच्या सगळ्या प्लेट्सना मात्र वेळ मिनिटाच्या हिशोबाने सारखा द्या.

द्रव काढताना प्लेट उलटी करून टिश्यूवर आपटण्याची सवय वाईट. स्फटिक सैल असतात, ते बरोबर जातात आणि तीन सारख्या वेलचे तीन वेगळे आकडे येतात. प्लेट तिरकी धरून २६ गेजच्या सुईने कडेने ओढा. के-५६२, एचएल-६०, जरकॅट अशा तरंगत्या पेशींसाठी प्लेट आधी ५०० जीवर पाच-दहा मिनिटं फिरवावी लागते. प्लेटचा रोटर नसेल तर द्रव काढूच नका. ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात १० टक्के एसडीएस (एक डिटर्जंट) करून १०० मायक्रोलिटर घाला आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवा. वेळ लागतो, पण पेशी हातच्या जात नाहीत.

चिकटून वाढणाऱ्या पेशींना १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, शेकरवर १०-१५ मिनिटं, अंधारात. मॉसमन यांनी मुळात आम्लयुक्त आयसोप्रोपॅनॉल वापरलं होतं. डीएमएसओत स्फटिक लवकर विरघळतात, पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: फॉर्मॅझनचा रंग पीएचवर बदलतो आणि वेलमध्ये उरलेल्या मीडियमचा पीएच पेशींच्या संख्येनुसार वेगळा असतो. त्यावर उपाय म्हणजे दर १०० मायक्रोलिटर डीएमएसओला १२.५ मायक्रोलिटर सोरेनसन ग्लायसिन बफर: ०.१ मोलर ग्लायसिन, ०.१ मोलर सोडियम क्लोराइड, पीएच १०.५. कपाटात पडून असलेल्या दोन रसायनांत होणारं हे काम आहे आणि वेलांमधला फरक त्याने चांगलाच कमी होतो. एसी जोरात असलेल्या खोलीत डीएमएसओची बाटली गोठलेली मिळाली तर घाबरू नका. ते साडेअठरा अंशांलाच गोठतं, कोमट पाण्यात ठेवलं की पुन्हा पातळ होतं.

रीडरमध्ये ५७० नॅनोमीटर आणि संदर्भासाठी ६३० किंवा ६९०. आधी बुडबुडे निर्जंतुक सुईने फोडा, एक बुडबुडा ओडी सहज वाढवतो. डीएमएसओ घालून झाल्यापासून तासाभरात वाचन उरका.

आकडे

पेशी नसलेल्या, पण मीडियम आणि एमटीटी असलेल्या वेल म्हणजे ब्लँक. औषधाच्या वेलमधून ब्लँक वजा करा, व्हेइकल कंट्रोलमधूनही ब्लँक वजा करा, भागा, शंभराने गुणा. ब्लँक ०.१ च्या वर चढला असेल तर आधी पावडर आणि द्रावण तपासा.

आयसी-५० साठी तीन-चार संहतींवर एक्सेलमध्ये सरळ रेष मारणं बंद व्हायला हवं. किमान सहा-आठ संहती घ्या, प्रत्येक आधीच्या साधारण तिप्पट. आडवा अक्ष लॉगचा ठेवा आणि चार पॅरामीटरचा वक्र बसवा. वक्राला वरचं आणि खालचं सपाट टोक दिसत नसेल तर आयसी-५० लिहू नका, 'इतक्या संहतीपर्यंत ५० टक्के गाठले नाहीत' असं लिहा. एकाच प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (वेगळ्या वेळी नव्या फ्लास्कमध्ये हलवलेल्या) पेशींवर केलेले तीन प्रयोग हवेत, आणि एरर बार त्यांच्यातून आले पाहिजेत.

'५० टक्के पेशी मेल्या' हे वाक्यही तपासून घ्या. समजा कंट्रोल चार दिवसांत आठपट झाला आणि औषधाच्या पेशी चौपट झाल्या. एमटीटी ५० टक्के दाखवेल, पण एकही पेशी मेलेली नसेल, वाढ फक्त मंदावली असेल. औषध घालायच्या क्षणी एक वेगळी प्लेट थांबवून तिचा ओडी घेतला तर हा फरक कळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पद्धतीत याच शून्य वेळेच्या आकड्यावरून वाढ निम्मी करणारी, पूर्ण थांबवणारी आणि पेशी मारणारी अशा तीन वेगळ्या संहती काढतात.

वनस्पतींचे अर्क: खरी परीक्षा

आपल्याकडे एमटीटीचा मोठा वापर औषधी वनस्पतींवर होतो, आणि ही चाचणी सर्वांत जास्त फसवते तीही तिथेच. एमटीटीचं क्षपण करायला पेशीच लागतात असं नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल, क्वेर्सेटिनसारखे फ्लेव्होनॉइड, ग्लुटाथायोन, एन-ॲसिटिल सिस्टीन, डीटीटी हे सगळे पेशींशिवायही पिवळ्याचं जांभळं करतात. आवळा, हिरडा, डाळिंबाची साल यांच्या अर्कात पॉलिफिनॉल भरपूर. असा अर्क वेलमध्ये असताना एमटीटी घातलं तर पेशी मरत असूनही ओडी चढतो. १२० टक्के जिवंत पेशी दाखवणारे तक्ते यातूनच येतात, आणि त्यावर 'अर्क पेशींच्या वाढीस पोषक आहे' असं लिहिलेलं वाचायला मिळतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पेशी नसलेल्या तीन वेलमध्ये मीडियम, अर्काची सर्वांत जास्त संहती आणि एमटीटी घालून बाकी प्लेटइतकाच वेळ ठेवा. ब्लँकपेक्षा ओडी स्पष्टपणे वर गेला तर धुतल्याशिवाय केलेल्या चाचणीचा निकाल वापरू नका. हा कंट्रोल नसेल, तर अर्कावरचा एमटीटीचा पेपर स्वीकारायलाच नको, असं ठाम मत आहे.

धुऊन सगळं सुटत नाही. रेझव्हेरेट्रॉल आणि जेनिस्टीन यांच्याबाबत दाखवलं गेलं आहे की पेशींची वाढ थांबत असतानाही उरलेल्या पेशींचं एमटीटी क्षपण वाढतं. तिथे औषध प्रत्यक्षाहून दुबळं दिसतं. उलट मेटफॉर्मिन किंवा २-डिऑक्सिग्लुकोज चयापचयालाच हात घालतात, मग पेशी जिवंत राहूनही ओडी पडतो आणि औषध जालीम वाटतं. दोन्ही दिशांनी चूक होऊ शकते, त्यामुळे एखादा ठरावीक गुणक लावून दुरुस्ती करणं शक्य नाही.

रंगाचाही प्रश्न आहे. पानांच्या मिथेनॉल किंवा ॲसिटोन अर्कात हरितद्रव्य असतं आणि ते तांबड्या भागात, ६६० च्या आसपास, जोरात शोषण करतं. संदर्भ तरंगलांबी तिथेच असेल तर यंत्र प्रत्येक वेलमधून जास्त वजा करतं आणि अर्क फुकटच विषारी ठरतो. हिरव्या अर्कांसाठी संदर्भ न घेता ५७० चं वाचन घ्या, आणि अर्कासह पण एमटीटीशिवाय पेशींच्या वेल लावून तेवढा रंग वजा करा.

उरलेल्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांनीच जास्त प्रयोग वाया जातात. रोटरी इव्हॅपोरेटरवर मिथेनॉल पूर्ण उडालं नसेल तर पेशी मिथेनॉलने मरतात. अर्क आम्लधर्मी असेल तर मीडियम पिवळं पडतं आणि पेशी आम्लाने मरतात. घातल्या घातल्या रंग पाहा. मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅमवर बहुतेक कच्चे अर्क मीडियममध्ये साका धरतात. आणि अर्क गाळून निर्जंतुक केला नसेल तर त्यातले जिवाणू तीन दिवसांत वाढतात. जिवाणूही एमटीटीचं क्षपण करतात, तेही जोरात. म्हणून एमटीटी घालण्याआधी प्रत्येक संहतीची एक तरी वेल मायक्रोस्कोपखाली पाहिलीच पाहिजे.

संहतीबद्दल: कच्च्या अर्काचा आयसी-५० मिलिलिटरला २०-३० मायक्रोग्रॅमच्या आत आला तर पुढे जाण्यासारखं काही आहे, असा अमेरिकेच्या त्याच संस्थेच्या नावाने वापरला जाणारा निकष आहे, शुद्ध संयुगासाठी ४ मायक्रोग्रॅम. ४०० मायक्रोग्रॅमला 'प्रभावी कर्करोगविरोधी' म्हणणं वाचकाची आणि रुग्णांची दिशाभूल आहे. नॅनोकण तपासणाऱ्यांनीही जपून राहावं: कार्बन नॅनोट्यूब फॉर्मॅझनला धरून ठेवतात आणि ते विरघळतच नाही.

पेशी कुठल्या

रिएजंट कितीही चांगलं असलं तरी चुकीच्या पेशींवर उपयोग नाही. केबी ही लाइन तोंडाच्या कर्करोगाची म्हणून अजून वापरली जाते. तोंडाच्या कर्करोगाचा भार आपल्याकडे मोठा असल्याने ती आकर्षक वाटते. पण ती प्रत्यक्षात हेला आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. हेप-२, चँग लिव्हर आणि डब्ल्यूआरएल-६८ यांचंही तेच. डब्ल्यूआरएल-६८ ला 'यकृताच्या निरोगी पेशी' म्हणून कंट्रोल धरलं, तर तुलना कर्करोगाची कर्करोगाशीच होते. एमडीए-एमबी-४३५ स्तनाची म्हणून ओळखली जायची, ती मेलानोमाची निघाली. लाइन मागवण्याआधी चुकीच्या ओळखीच्या सेल लाइनची आंतरराष्ट्रीय यादी पाहा, ती सर्वांना खुली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून किंवा तशाच अधिकृत ठिकाणाहून लाइन घ्या आणि शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उसना आणू नका. एसटीआर तपासणी (डीएनएवरून लाइनची ओळख पटवणं) आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर ही दोन्ही कामं प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरा. मायकोप्लाझ्मा फिल्टरमधून निसटतो, मीडियम गढूळ करत नाही, पण पेशींचा चयापचय बदलून एमटीटीचे आकडे हलवतो.

एचईके-२९३ किंवा व्हेरो या 'सामान्य' पेशी नाहीत. पहिली अमर केलेली, दुसरी माकडाच्या मूत्रपिंडाची. त्यांच्यावर काढलेला निवडकतेचा आकडा छापायचा तर त्या काय आहेत हे स्पष्ट लिहा.

पर्याय

एमटीएस, एक्सटीटी, डब्ल्यूएसटी-१ यांचं फॉर्मॅझन पाण्यात विरघळतं, त्यामुळे डीएमएसओची पायरी वाचते. किंमत जास्त, आणि अर्कातल्या क्षपणकारकांचा त्रास तसाच. रेझाझुरिन स्वस्त आहे, पेशींना कमी इजा करतं आणि फ्लुओरेसेन्स रीडर असेल तर एमटीटीपेक्षा संवेदनशील. एटीपी मोजणारी ल्युमिनेसेन्स किट उत्तम, पण ल्युमिनोमीटर आणि पांढऱ्या प्लेट्स लागतात आणि खर्च सामान्य कॉलेजच्या आवाक्याबाहेर जातो.

चिकटून वाढणाऱ्या पेशींवर अर्क तपासायचे असतील तर आमची पसंती सल्फोरोडामिन-बी, म्हणजे एसआरबीला. ते पेशींतल्या प्रथिनांना चिकटतं, चयापचयाशी त्याचा संबंध नाही, म्हणून अर्कातल्या ॲस्कॉर्बिक आम्लाने त्याला फरक पडत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रामधल्या कर्करोगविरोधी औषध तपासणी सुविधेत हीच चाचणी वापरतात. २०० मायक्रोलिटर मीडियमवर ५० टक्के थंडगार ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल ५० मायक्रोलिटर हळूच सोडा, म्हणजे १० टक्के होतं. ४ अंशांवर एक तास. नळाच्या पाण्याने पाच वेळा धुऊन वाळवा. १ टक्का ॲसेटिक आम्लातलं ०.४ टक्के एसआरबी अर्धा तास, मग १ टक्का ॲसेटिक आम्लानेच चार-पाच वेळा धुणं. इथे पाणी वापरलं तर प्रथिनांना चिकटलेला रंगही सुटतो. वाळल्यावर १० मिलिमोलर ट्रिस बेस, पीएच १०.५, दहा मिनिटं शेकरवर, वाचन ५४० च्या आसपास. रंग देऊन वाळवलेली प्लेट पुष्कळ दिवस टिकते, त्यामुळे रीडर दुसऱ्या विभागात असला तरी अडत नाही. एक मर्यादा लक्षात ठेवा: नुकत्याच मेलेल्या पण तळाला चिकटून राहिलेल्या पेशीही यात मोजल्या जातात.

म्हणून चाळणीला एमटीटी किंवा एसआरबी, आणि जे दोन-तीन अर्क पुढे नेण्यासारखे वाटतील त्यांच्यासाठी वसाहतींची चाचणी. सहा वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ५०० पेशी, औषध २४ तास, मग ताजं मीडियम आणि दहा ते चौदा दिवस वाट पाहणं, शेवटी ०.५ टक्के क्रिस्टल व्हायोलेट आणि ५० हून जास्त पेशींच्या वसाहती मोजणं. यंत्र लागत नाही, फक्त संयम लागतो. मृत्यू अपोप्टोसिसने (पेशीने स्वतःच घडवलेल्या नियोजित मृत्यूने) झाला असं लिहायचं असेल तर ॲनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइडचा फ्लो सायटोमेट्रीचा निकाल हवा. एमटीटीच्या आलेखावरून ते वाक्य लिहिता येत नाही.

खरेदीची यादी करताना एमटीटीच्या १०० मिलिग्रॅमच्या कुपीसोबत एसआरबीची छोटी बाटलीही लिहा. ०.४ टक्क्याचं द्रावण दर वेलला १०० मायक्रोलिटर धरलं तर १ ग्रॅममध्ये अडीच हजार वेल होतात. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल बहुधा प्रथिनांचं काम करणाऱ्या शेजारच्या लॅबमध्ये असतंच; ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं, म्हणून ५० टक्क्यांचं द्रावण एकदाच करून काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा आणि बाटलीवर तारीख घाला.